नापास व्हायला पुण्याला

पुण्याहून परत येऊन आता बरेच दिवस झाले, तरी आमच्या आर्वीच्या घरी कुणी आलं की आई मला आतून हाक मारते आणि मी बाहेर येऊन पेढा देते. हिची पुण्यात निवड झाली, असं आई सांगते. पाहुणे वा वा म्हणतात. मी नमस्कार करून आत पळते आणि आत आल्यावर पुन्हा तोंड पाडून बसते. आईचं म्हणणं, मला सुख दुखतं. असेल बाप्पा, दुखत असेल.

टेंभुर्णे सरांनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी 'पुण्यातील यश' या विषयावर लेख मागितला होता, तो मी लिहून दिला. त्यात सगळ्यांचे आभार आहेत. हे दुसरं लिखाण तुमच्यासाठी, म्हणजे पुढच्या वर्षी जे जाणार आहेत आणि ज्यांनी अजून पुणं पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी. त्यातही जे पहिल्या बाकावर बसतात त्यांच्यासाठी. मागच्या बाकावरच्यांची मला काळजी नाही, ते सुखरूप परत येतील.

गाडीत

आधी कशाला गेलो होतो ते सांगते. आमच्या कॉलेजात कंपन्या येत नाहीत. एवढ्या लांब, वर्ध्याच्या उन्हात, टाय बांधून कोण येईल? म्हणून पुण्यातलं एक मोठं कॉलेज यजमान होतं आणि आमच्यासारख्या ठिकठिकाणच्या कॉलेजांची शेवटच्या वर्षाची मुलं तिथे जाऊन परीक्षा नि मुलाखती देतात. याला पूल कॅम्पस म्हणतात. पोरीच्या दारात मांडव न घालता हॉलवर लग्न लावावं, तसला प्रकार.

टेंभुर्णे सर आमच्या नोकऱ्यांचं खातं सांभाळतात, म्हणजे पोरं ऐन वेळी पळून जाऊ नयेत हे बघतात. बडनेरा मागे पडलं, तिखट पुऱ्यांचे डबे उघडले आणि सरांनी पुरी हातात धरूनच नियम सांगितले. पहिल्या दिवशी मोठी कंपनी. ती सॉफ्टवेअरची, खराडीला तिची काचेची इमारत, आणि ती माणसं घाऊक घेते. इलेक्ट्रॉनिक्सवाला असो की सिव्हिलवाला, तिला सारखाच. तिसऱ्या दिवशी एक लहान कंपनी, बिबवेवाडीची. ती कानाच्या मशीनच्या चिप बनवते आणि एखाद-दुसराच माणूस घेते.

"पहिल्या कंपनीला सगळ्यांनी बसायचं," सर म्हणाले. "जो गैरहजर राहील त्याला पुढे बसू देणार नाही. आणि निवड झाली की पुढच्या यादीतून नाव कटलं. एका पोराला एक नोकरी. मागाहून नाही म्हणाल तर ती कंपनी आपल्या कॉलेजला पुन्हा बोलावत नाही. मग मागच्या पोरांनी काय करायचं?"

मागची पोरं म्हणजे तुम्ही. माझी पुरी घशातच राहिली, कारण मला हवी होती ती तिसऱ्या दिवसाची कंपनी.

त्याचं कारण माझे बाबा. ते शाळेत शिक्षक आहेत आणि काही वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येतं. कानाचं मशीन घेतलं, पण ते शिट्टी वाजवतं. कुणी जवळ आलं, कानापाशी हात गेला, की चिईं. वर्गात पोरं हसायला लागली तेव्हापासून बाबा शाळेत मशीन खिशात ठेवतात आणि पोरांच्या ओठांकडे बघत शिकवतात. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी या शिट्टीवरच केला. मशीनमधून कानात जाणारा आवाज थोडा बाहेर सांडतो, तो पुन्हा मशीनमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो, आणि असा गोल गोल फिरत त्याची शिट्टी होते. तो सांडलेला आवाज ओळखायचा आणि आतल्या आत वजा करून टाकायचा, एवढीच युक्ती. आमचं सर्किट ते करत होतं, पण ते टेबलभर पसरलेलं. कानात टेबल कसं घालणार? नखाएवढ्या जागेत ते बसवायचं कसं, हे त्या बिबवेवाडीच्या लोकांना येत होतं. चौथीपासून मला पहिल्या नंबराशिवाय काही हवंसं वाटलं नव्हतं. हे वाटलं.

प्रोजेक्टमध्ये माझा जोडीदार नीलेश. दर सेमिस्टरला मी पहिली आणि तो दुसरा. सोल्डरिंगला त्याचा हात सोन्याचा, गणिताचा मात्र त्याला कंटाळा. आणि समोरच्या बर्थवर शुभांगी, माझी होस्टेलमधली रूम पार्टनर. तिच्या मागे दोन बहिणी शिकायच्या होत्या, त्यामुळे तिला नोकरी हवी होती, कुठलीही, आणि लवकर.

"मग यात रडण्यासारखं काय आहे?" शुभांगी मला म्हणाली. "पहिल्या दिवशी नापास हो."

मला इतकं हलकं वाटलं की मी अडकलेली पुरी गिळून आणखी दोन खाल्ल्या. नीलेश खिडकीबाहेर बघत होता.

नारायण पेठ

मुलांची सोय यजमान कॉलेजच्या होस्टेलवर होती. मी आणि शुभांगी नारायण पेठेत लिमये काकूंकडे उतरलो. काकू शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि पुण्याला परीक्षेसाठी येणाऱ्या मुलींना दोन-चार दिवस खोली देतात. आम्ही बेल वाजवली, कुणी आलं नाही म्हणून पुन्हा वाजवली. दार उघडून काकू म्हणाल्या की पहिली बेल त्यांना ऐकू आली होती, दुसरी कोणासाठी होती?

पुण्याबद्दल तुम्हाला इथे बसून जे सांगतात त्यातलं बरंच खरं आहे. दुपारी जेवणानंतर पेठेत सगळं बंद होतं. शुभांगीला सेफ्टी पिना घ्यायच्या होत्या तर दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढून, वाकून आमच्याकडे बघत, चारनंतर या म्हणून सांगितलं. आमच्याकडे दुकानदार जेवायला बसला असला तर खरकटा हात बाजूला धरून गिऱ्हाइकाला पिना देतो. आमटीत गूळ असतो. पोह्यांवर खोबरं आणि कोथिंबीर असते, तर्री नसते, आणि तर्री मागितली की समोरचा माणूस तब्येतीची चौकशी करावी तसा बघतो. काकूंची आमटी मात्र तिसऱ्या घासाला आवडायला लागली, हे मी आईला सांगितलेलं नाही.

त्या संध्याकाळी माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. नापास हो म्हणायला सोपं, पण व्हायचं कसं? मी आयुष्यात प्रश्न सोडलेला नाही. येत नसला तरी काहीतरी लिहून येते. काकू शाळेत असताना बोर्डाचे पेपर तपासायच्या असं बोलण्यात निघालं, तेव्हा मी त्यांनाच विचारलं. त्यांनी निवडत असलेली मेथी खाली ठेवली.

"मला आजवर हे विचारायला कुणी आलं नाही," त्या म्हणाल्या. "आमची मुलं न विचारताच करायची."

शुभांगी हसून लोळली. मी मात्र सगळं सांगितलं, बाबांचं, शिट्टीचं, सरांच्या नियमाचं. काकू ऐकत होत्या आणि मेथीची पानं खुडत होत्या. शेवटी म्हणाल्या, पेपरचे भाग किती? तीन, मी म्हटलं, इंग्रजी, कोडी आणि अंकगणित. मग पहिला सोडव, त्या म्हणाल्या, आणि पुढचे दोन उघडूसुद्धा नकोस. हात मांडीखाली घेऊन बस. मी हो म्हटलं. त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या की जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, तेव्हा जपून.

पेपर

यजमान कॉलेजचा हॉल आमच्या आर्वीच्या बाजारपेठेएवढा. लातूरची, नगरची, जळगावची मुलं होती, सगळ्यांच्या अंगावर नवे पांढरे शर्ट, आणि ओळख करून देताना प्रत्येक जण नावानंतर लगेच नंबर सांगत होता. पहिला. पहिली. पहिला. गावोगावचे सगळे पहिले एका हॉलमध्ये कोंबलेले. मला घाम फुटला होता, आणि इतरांचंही काही वेगळं नव्हतं. फक्त त्यांना पास व्हायची भीती नव्हती, एवढाच फरक.

नीलेश माझ्या डाव्या हाताला, मधली वाट सोडून. पेपर वाटले. पहिला भाग मी सावकाश सोडवला, अगदी काकूंनी सांगितल्याप्रमाणे. मग पेन खाली ठेवलं, हात मांडीखाली घेतले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. तुम्हाला सांगते, मला जमलं होतं. बराच वेळ जमलं होतं.

मग डावीकडून पान उलटल्याचा आवाज आला. पाहते तर नीलेश दुसऱ्या भागात. म्हटलं, असू दे. थोड्या वेळात पुन्हा पान. पुन्हा पान. हा गणिताचा कंटाळा असलेला पोरगा भराभर पानं उलटत होता, आणि मी इथे हात मांडीखाली घालून बसले होते. माझं डोकंच फिरलं. हा माझ्या पुढे जातो? सात सेमिस्टर मागे राहिलेला हा, आज, माझ्या डोळ्यांदेखत? हात कधी मांडीखालून निघाला मला कळलं नाही. एका कोड्यात पाच पाहुणे आणि गोल टेबल होतं, ते इतकं छान सुटलं की मी मनात 'वा' म्हटलं. वेळ संपायच्या आत पूर्ण पेपर झाला, एवढंच नाही, मी तो पुन्हा तपासला आणि एक चूक दुरुस्त केली. बाई चूक दुरुस्त करत होत्या! घंटा झाल्यावर मी नीलेशकडे मोठ्या तोऱ्यात पाहिलं. तो माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता.

दुपारी पुढच्या फेरीतल्यांची नावं वाचून दाखवली. माझं होतं, शुभांगीचं होतं. नीलेशचं नव्हतं. पाण्याच्या टाकीपाशी मी त्याला गाठलं. मला वाटलं त्याला धक्का बसला असेल, म्हणून मी मोठ्या मनाने समजूत घालायला लागले होते.

"मी दोन भाग कोरे दिले," तो हळूच म्हणाला. "मलाबी बिबवेवाडीच पाहिजे होती."

"तू तर पानं उलटून राहिला होता!"

"कोरी पानं उलटायला किती वेळ लागते?"

मी त्याला विचारलं की मग आधी सांगितलं काहून नाही. तो म्हणाला, तुझं तर गाडीतच ठरलं होतं, मला वाटलं आपण दोघंही सोडून बसलो, मजेत. जो माणूस शर्यतीत नव्हताच त्याच्याशी मी शर्यत लावली होती आणि जिंकलेही होते.

पण अजून मुलाखत बाकी होती. तिथे एक तर गप्प बसायचं, किंवा काहीतरी वेडंवाकडं बोलायचं. शुभांगीने मला बजावून आत पाठवलं की भैताडासारखी बस.

समोर एक बाई होत्या, साधी सुती साडी, बोलणं एकदम मऊ आणि नीट, मला आपण आपण म्हणत होत्या. इकडच्या तिकडच्या प्रश्नांना मी हो-नाही करत होते, चेहरा मठ्ठ ठेवला होता. मग त्यांनी प्रोजेक्टचं विचारलं. झालं. मी शिट्टी सांगितली, सांडलेला आवाज सांगितला, त्यांच्या कागदावर आकृती काढून दिली. त्या पुढे सरकून बसल्या. त्यांच्या सासूबाईंचं मशीनही वाजतं म्हणाल्या. आम्ही दोघी किती वेळ बोललो कुणास ठाऊक. शेवटी त्यांनी पेन बंद केलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"आपल्याला इथे असलं काही करायला मिळणार नाही," त्या म्हणाल्या. "बँकेचं काम असेल, विम्याचं असेल. ते चालेल का आपल्याला? मनापासून सांगा."

दार सताड उघडं होतं. बाई स्वतः ते धरून उभ्या होत्या. नाही, एवढंच म्हणायचं होतं, आणि खरं ते हेच होतं. पण आजवर मला कुणी काही विचारलं की त्याचं अपेक्षित उत्तर काय, हेच आधी डोक्यात येतं. मनात काय आहे ते नंतर येतं, सावकाश, जिना चढून.

"हो मॅडम, चालेल," मी म्हटलं. "मला नवीन शिकायला आवडतं."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी काहीतरी लिहिलं. मला वाटतं त्यांनाही थोडं वाईट वाटलं.

संध्याकाळी हॉलमध्ये निवड झालेल्यांची नावं वाचली आणि सगळ्यात आधी माझं वाचलं. टाळ्या पडल्या. टेंभुर्णे सरांनी दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवल्या. शुभांगीचंही नाव आलं तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली, खरंखुरं, आनंदाने, आणि तिच्या खांद्यावर मीही रडून घेतलं. सगळ्यांना ते एकच रडणं वाटलं.

नारायण पेठेच्या कोपऱ्यावर एसटीडीचा बूथ आहे. तिथून घरी फोन लावला. आईला नीट सांगूनही झालं नव्हतं तर ती शेजारच्या काकूंना हाका मारायला लागली. मग बाबांनी फोन घेतला. रिसीव्हर कानाला लावला आणि मशीनने शिट्टी मारली. चिईं, इथे पुण्यापर्यंत. ते म्हणाले, थांब, मशीन काढतो. मग म्हणाले, "मला आता ऐकू येणार नाही, पण तू बोल. मी धरून उभा आहे."

मग मी बोलले. मला ही नको होती बाबा, मी म्हटलं. मला ती शिट्टीवाली हवी होती. मी मुद्दाम नापास होणार होते आणि मला तेवढंही जमलं नाही. मी हळू बोलत होते. त्यांना ऐकू येत नाही हे माहीत होतं म्हणूनच बोलत होते.

मी थांबले. मग बाबा म्हणाले, "झालं? जेवून घे आता. नाव काढलंस तू."

बूथवाल्याने मात्र सगळं ऐकलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि सुटे आहेत का विचारलं.

खराडी

दुसऱ्या दिवशी निवड झालेल्यांना कंपनीने बसमधून इमारत दाखवायला नेलं. बसमध्ये आम्ही सगळे पहिले नंबर, आणि आता भीड चेपली होती. गाड्यांच्या इंजिनांवर जीव असलेला एक जण होता. एका मुलीला धरणांचं शिकायचं होतं, तिच्याकडे धरणांचे फोटो होते. नगरचा एक मुलगा रसायनवाला, त्याला रंग बनवायचे होते, कपड्यांचे, पक्के, न उडणारे. प्रत्येकाने आपापलं सांगितलं आणि शेवटी प्रत्येक जण एकच बोलला, दोन-तीन वर्षं हे करू, मग बघू. मीही तेच बोलले. बोलताना बरं वाटतं, खोटं कशाला सांगू.

इमारत खरोखरच सुंदर आहे. तुम्ही बघाल तेव्हा तुमचेही डोळे दिपतील. खाली हिरवळ, वर सगळी काच, आत एवढा गारवा की स्वेटर घालावा. हात खाली धरला की आपोआप पाणी येणारा नळ आहे. शुभांगीने त्याच्याखाली पुन्हा पुन्हा हात धरला आणि म्हणाली की धाकटीला इथे आणून दाखवणार. तिच्या तोंडावर जे होतं ते बघून मला माझ्या रडक्या तोंडाची लाज वाटली. नोकरी वाईट नव्हतीच. ती माझी नव्हती, एवढंच.

फाटकाबाहेर मात्र ज्वारीचं रान सुरू होतं आणि एका पत्र्याच्या शेडमध्ये चहा मिळत होता. गल्ल्यावर एक बाई, हातात कोपरापर्यंत सोन्याच्या बांगड्या. कंपनीची इमारत उभी आहे ती जमीन यांच्याच भावकीची होती, हे त्यांनी चहा गाळता गाळता सांगितलं. चहाचं दुकान म्हणे वेळ जात नाही म्हणून टाकलंय. मग माझी चौकशी सुरू झाली, कुठली, काय शिकली. इलेक्ट्रॉनिक्स, मी म्हटलं, आणि आता इथे कॉम्प्युटरवर काम करणार.

"आमची सून बी तितंच हाय," बाई म्हणाल्या. "बी. कॉम. झालीया. कॉम्प्युटरवरच हाय ती. मग तू येवडं कशाला शिकलीस?"

त्यांनी टोमणा मारला नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. दर प्रश्नाला उत्तर देणारी मी, उरलेला चहा एका घोटात संपवून बसकडे पळाले.

बिबवेवाडी

तिसऱ्या दिवशी मी मोकळी होते. लहान कंपनीने मुलांना आपल्या जागेतच बोलावलं होतं. सकाळी नीलेश काकूंच्या जिन्याखाली येऊन उभा राहिला. आवाज वजा करायचं गणित एकदा समजावून सांग म्हणाला, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला होता. एक क्षण माझ्या मनात आलं, का सांगू? स्वतःचं स्वतः कर. पण विचारलं की उत्तर द्यायची माझी खोड तुम्हाला कळलीच आहे. सिटी बसमध्ये दांड्याला लोंबकळत मी त्याला पायरी पायरीने सांगत गेले. मधल्या एका बाकावरचे आजोबा त्रासून म्हणाले की त्यांचं शिक्षण पूर्ण झालेलं आहे, जरा हळू.

कंपनी म्हणजे मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावरचा मजला. आजूबाजूला पिठाची गिरणी, फर्निचरवाला, शिकवणीचे फलक. जिना अरुंद. त्याच्या पायथ्याशी चपलांची ओळ होती, म्हणजे तिथे लोक घरच्यासारखे चपला काढून कामाला बसत होते. खराडीची काच पाहिल्यावर हे पाहून कुणालाही हसू आलं असतं. माझे पाय मात्र तिथून हलेनात. नीलेश वर गेला आणि मी समोरच्या अमृततुल्यमध्ये जाऊन बसले. वरच्या खिडकीत एक माणूस भिंगाखाली काहीतरी धरून बसलेला दिसत होता. मी चहा घेतला, मग आणखी एक घेतला. मनातल्या मनात गणिताच्या पायऱ्या म्हणत होते, जणू माझी परीक्षा आहे.

नीलेश खाली आला तो थेट माझ्यासमोर येऊन बसला. झालं म्हणाला. घेतलं. एकट्यालाच घेतलं. मी अभिनंदन केलं, आणि ते खरंच मनापासून होतं. मग त्याने सगळं सांगितलं. वर एक वयस्क साहेब होते, त्यांनी तेच गणित विचारलं. नीलेशने फळ्यावर करून दाखवलं. साहेबांनी विचारलं, हे तुझं आहे का? नाही, तो म्हणाला, आमच्या वर्गात मंजूषा म्हणून पहिली येते, तिचं आहे. मी सर्किट जोडलं.

"मग म्हणाले, ती का नाही आली?"

"तू काय सांगितलं?"

"म्हटलं, सर, तिची निवड झाली. मोठ्या कंपनीत."

"मग?"

नीलेशने कपातल्या चहाकडे पाहिलं. "साहेब म्हणाले, अरेरे."

मी तिथेच ओढणीत तोंड घालून रडले. दोन दिवस सगळं जग मला वा वा म्हणत होतं, सर, आई, शेजारच्या काकू, बसमधली मुलं. अरेरे म्हणणारा एकच माणूस भेटला आणि त्याने मला पाहिलंही नव्हतं.

परतीची गाडी

निघताना लिमये काकूंनी वाटेसाठी मेथीचे पराठे दिले आणि वर सकाळचं वर्तमानपत्र, शब्दकोडं वर येईल अशी घडी घालून. सोडवायचं, त्या मला म्हणाल्या, पण एक शब्द सोडून द्यायचा. येत असला तरी. गाव येईपर्यंत सोडला तर फोन कर. जास्त काही बोलल्या नाहीत, दार लावून घेतलं, आणि आतून कडी घातल्याचा आवाज आला.

ते कोडं नव्हे, गृहपाठ होता. मी मन लावून केला. बाकीचे शब्द गाडी सुटल्या सुटल्या भरले आणि उजवीकडचा एक उभा शब्द सोडला. चार अक्षरी, अगदी सोपा, आडव्या शब्दांतून त्याची दोन अक्षरं आपोआप भरलेली. नीलेशने माझं पेन काढून घेऊन स्वतःच्या खिशात ठेवलं. शुभांगी म्हणाली, आता झोप. मी झोपले.

सकाळी अकोल्याला चहा घेतला तेव्हाही दोन चौकोन रिकामे होते. नीलेशला अभिमान वाटला. आमची चर्चा चालली होती की तो चिप शिकला की बाबांचं मशीन आधी दुरुस्त करून देईल, आणि मी रविवारी बिबवेवाडीला जाऊन बघेन, म्हणजे पुन्हा तेच, मग बघू. मी हसत होते, बोलत होते, आणि वर्तमानपत्र मांडीवर होतं. मूर्तिजापूर गेलं. मी खिडकीबाहेर पाहिलं, कपाशीची रानं पाहिली, पुन्हा मांडीकडे पाहिलं. नीलेश तोंड धुवायला गेला होता. पेन त्याच्या खिशात होतं.

बडनेरा आलं तेव्हा कोडं पूर्ण होतं. शेवटची दोन अक्षरं शुभांगीच्या काजळाच्या पेन्सिलीने लिहिलेली आहेत. काकूंना मी फोन केलेला नाही.